ते कुत्रं कोणाचं?

दौंडला पहाटे पळणारी पोरं पुष्कळ. राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट, पाच आणि सात नंबरचे, या गावात आहेत. खाकीची ओढ इथं लहानपणीच लागते आणि भरतीची जाहिरात निघायच्या आधीच रस्त्यावर पळापळ सुरू होते. यातल्या बऱ्याच पोरांच्या मुठीत दगड असतो. तो मारायला क्वचितच लागतो. पळणारा माणूस दिसला की कुत्रं मागं लागतं. अशा वेळी थांबायचं, वळायचं आणि खाली वाकायचं. दगड नसला तरी चालतं. नुसतं वाकल्याचं नाटक केलं तरी कुत्रं चार पावलं मागं सरतं. ही विद्या कोणी शिकवत नाही, पण गल्लीतल्या प्रत्येक पोराला ती येते आणि प्रत्येक कुत्र्यालाही तिचा अर्थ ठाऊक असतो. मी पळत नाही, चालतो. वयाला शोभेल अशी काठी माझ्या हातात असते.

गोपाळवाडीच्या रस्त्याला दोन जातीची कुत्री भेटतात. पहिली बंगल्यातली. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, अलीकडे एखादा रॉटवायलर. पट्टा मालकाच्या हातात लोंबत असतो आणि कुत्रं त्याच्या पन्नास पावलं पुढं. ते आपल्या रोखानं निघालं की मागून हाक येते, "काही करत नाही हो तो!" आपण जागीच उभे राहिलो की दुसरं वाक्य येतं, "तुम्ही फक्त घाबरू नका. माणूस घाबरला की त्याला कळतं." म्हणजे उद्या चावलंच, तर चूक घाबरणाऱ्याची. बोलणारी माणसं वाईट नसतात. त्यांना आपल्या कुत्र्याचा स्वभाव खरोखर माहीत असतो. पण तो घरातला स्वभाव. पाठीवर दप्तर लावून सायकल हाणणारं पोर, गुडघा दुखतो म्हणून झोकांडत चालणारी आजी, फटफटीचा मागचा धूर, ही मंडळी त्या घरात कधी आलेली नसतात.

कायद्यानं मात्र 'करतो की नाही' हा प्रश्न मालकावर सोडलेला नाही. १९५१च्या पोलीस अधिनियमाचं, ज्याला आपण पूर्वी मुंबई पोलीस कायदा म्हणायचो त्याचं, १०६वं कलम वाचण्यासारखं आहे. घोडा किंवा दुसरं जनावर रस्त्यावर निष्काळजीपणे मोकळं सोडायचं नाही. तापट कुत्रं तोंडाला मुसकं न बांधता मोकाट फिरू द्यायचं नाही. आणि कुत्र्याला माणसाच्या किंवा दुसऱ्या जनावराच्या अंगावर घालायचं नाही. गंमत म्हणून 'छूऽ' करणारे उनाड लोक या तिसऱ्या पोटकलमात नेमके बसतात, हे त्यांना कोणी सांगत नाही. भारतीय न्याय संहितेचं २९१वं कलम याच्याही पुढं जातं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा संभवत असेल आणि ती टाळण्यापुरती काळजी घेतली नसेल, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या दंडविधानात हेच २८९वं कलम होतं आणि दंड एक हजार होता. दात लागेपर्यंत कायदा थांबत नाही. धोका संभवतो इतकं पुरतं. 'आजवर कोणाला चावला नाही' हे म्हणूनच अपुरं उत्तर आहे.

बंगल्यातल्या कुत्र्यांचं त्यामानानं सोपं आहे. मालक दिसतो, त्याच्याशी भांडता येतं, गरज पडली तर तक्रार लिहिता येते. अवघड आहे ते दुसऱ्या जातीचं, आणि गावात तीच जास्त.

आमच्या गल्लीतला काळ्या घ्या. सकाळी एका घरी चहात बुडवलेलं बटर खातो. दुपारी पलीकडच्या ओट्यावर शिळी भाकरी. उन्हाळ्यात तिसऱ्याच घरच्या नळाखाली, ओल्या फरशीवर पोट टेकून पडलेला असतो आणि रात्री चौथ्याच्या मोटारीखाली. नाव सगळ्यांनी मिळून ठेवलेलं. रात्री दोन वाजता कोणी अनोळखी माणूस गल्लीत शिरला तर काळ्या अख्खी गल्ली उठवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याचं कौतुक करणाऱ्यांत मीही असतो. एकदा त्यानं पार्सल घेऊन आलेल्या पोराची पोटरी धरली. पँट फाटली, दोन दात लागले. पोरगं रडकुंडीला आलं होतं. दुखण्यापेक्षा राहिलेल्या पार्सलांचीच त्याला जास्त काळजी. त्यानं विचारलं, "कुत्रं कोणाचं आहे?" गल्लीतल्या चार दारांतून एकच उत्तर आलं, "आमचं नाही हो, असंच बसतं इथं." आदल्या रात्री काळ्याला शाबासकी देणारी तोंडं हीच होती.

प्राणी जन्म नियंत्रणाचे २०२३चे केंद्राचे नियम अशा कुत्र्यांना समाजाचे प्राणी मानतात: जन्म वस्तीत झालेला आणि ज्याच्यावर कोणी मालकी सांगितलेली नाही असा. व्याख्येत दयाबुद्धी आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती सगळी उभी आहे 'मालकी सांगितलेली नाही' यावर, आणि मालकी न सांगणं हे आपल्याला फार चांगलं जमतं. गावकीच्या विहिरीचं पाणी सगळे भरतात, गाळ काढायच्या दिवशी मात्र प्रत्येकाचा कोणीतरी पाहुणा यायचा असतो. दारच्या कुत्र्याचं तसंच झालं आहे.

यात आपल्या परंपरेचाही हात आहे. आमच्याकडून जेजुरी लांब नाही. खंडोबाचा वाघ्या स्वतःला देवाचं कुत्रं मानतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसतात. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आपण आजीच्या तोंडून ऐकलेले असतात. दारी आलेल्या कुत्र्याला हाकलू नये हे इतकं खोल मुरलेलं आहे की नास्तिक माणूसही शेवटची चतकोर भाकरी काढून ठेवतो. पण हे सगळं पुण्य भाकरीला चिकटलेलं आहे. कुत्र्याला धरून सुई टोचून आणण्याला, कुत्रीचं ऑपरेशन करून आणण्याला आपल्याकडे पुण्य नाही. पोथ्या रचल्या गेल्या तेव्हा रेबीजची लस नव्हती, हे त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. लुई पाश्चरनं माणसाला पहिल्यांदा ती दिली ती १८८५मध्ये. आपल्या बाजूनं म्हणण्यासारखं मला काही सापडत नाही.

२०२२च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं म्हटलं की ज्यांना मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचं आहे त्यांनी ती दत्तक घ्यावीत आणि आपल्या घरात खाऊ घालावीत. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशाला स्थगिती दिली. आदेश कडक होता, आणि दोन खोल्यांच्या घरात राहून दहा कुत्र्यांना बिस्किटं टाकणाऱ्या बाईनं तो पाळायचा कसा, हा प्रश्न होताच. पण न्यायमूर्तींनी बोट बरोबर जागी ठेवलं होतं असं मला अजूनही वाटतं. खाऊ घालणारा हात आणि जबाबदारी घेणारा हात एकाच माणसाचे का नसावेत?

दौंडच्या स्टेशनवर हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. जंक्शन असल्यामुळे स्टेशन हेच गावाचं मूळ. मनमाडकडून पुण्याला जाणाऱ्या गाड्यांना इथं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं. गाडी बराच वेळ उभी, प्रवासी फलाटावर उतरलेले, वडे, भजी, ऑम्लेट-पाव, आणि प्रत्येक बाकाखाली एक कुत्रं. ही कुत्री गाड्यांचं वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगलं ओळखायची. इंजिन सुटल्याचा आवाज झाला की लोक उतरणार हे त्यांना पाठ. पुढं कॉर्ड लाइन झाली, कित्येक गाड्या मुख्य स्टेशनात न येता बाहेरूनच जाऊ लागल्या. गावाची त्यावर तक्रार आहे, ती वेगळी. कुत्री मात्र राहिली. पुण्याच्या लोकलसाठी अंधारात येणाऱ्या नोकरदारांच्या डब्यावर आणि टपऱ्यांच्या उरल्यासुरल्यावर त्यांचं चालतं. बहुतेक झोपलेली असतात आणि कोणाच्या वाटेला जात नाहीत. पण फलाटावर झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटीवर घाईत चाक लावलेली बॅग गेली की काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

२०२५मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात तीनदा वळला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, असा हुकूम झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला: नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथंच सोडा, पिसाळलेली किंवा अंगावर धावणारी सोडून, खाऊ घालायच्या जागा ठरवून द्या, वाटेल तिथं खाऊ घालणं बंद. मग ७ नोव्हेंबरला देशभरासाठी आदेश आला की शाळा-महाविद्यालयं, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्टेशनं इथली कुत्री हलवायची, आवार कुंपणानं बंद करायचं, आणि तिथून उचललेली कुत्री परत तिथं सोडायची नाहीत.

उचललेल्या जागीच परत सोडण्यामागं एक हिशेब आहे. कुत्री आपापला इलाखा राखतात. नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं जागेवर राहिलं तर बाहेरचं नवं येत नाही. ते हलवलं तर मोकळ्या जागेवर आठवड्याभरात दुसरं येऊन बसतं, आणि त्याला ना लस ना शस्त्रक्रिया. उकिरडा तसाच ठेवून कुत्री हलवणं म्हणजे खुर्ची रिकामी करून देणं. उलट, स्टेशनवर किंवा दवाखान्याच्या आवारात हा हिशेब आजारी माणसाला ऐकवता येत नाही, हेही खरं. मला दोन्ही पटतं. फक्त दौंडच्या स्टेशनवरचं कुत्रं उचलून ठेवायचं कुठं, हे मला कोणी दाखवावं. रेल्वेच्या हद्दीत ते झोपतं, नगरपालिकेच्या हद्दीत खातं, कुरकुंभ मोरीतून पलीकडे जातं आणि गोपाळवाडी किंवा लिंगाळीच्या ग्रामपंचायतीत पिल्लं घालतं. नियमांनी जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे. शस्त्रक्रियेची खोली, पिंजरे, जनावरांचा डॉक्टर, ऑपरेशननंतर काही दिवस सांभाळणारं माणूस, हे सगळं लहान नगरपालिकेनं उभं करायचं आणि शेजारच्या ग्रामपंचायतीनं काहीच केलं नाही, तर पुढच्या वर्षी पहिल्यापासून सुरुवात. तालुक्यानं मिळून एक केंद्र करावं, खर्च लोकसंख्येप्रमाणे वाटून घ्यावा, एवढा साधा विचार बैठकांत का येत नाही, कळत नाही.

गावाबाहेर, उसात, गोष्ट आणखी गंभीर होते. शिरूर आणि दौंड दोन्ही तालुक्यांत भीमेच्या, घोडच्या पाण्यावर ऊस पसरला तसा बिबट्याही उसात राहायला आला. वस्तीवरचं कुत्रं हे त्याचं आवडतं खाणं. विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा पाळीव जातीच्या कुत्र्यांचा निघाला. आपण कुत्रं ठेवतो बिबट्याची चाहूल लागावी म्हणून, आणि तेच कुत्रं त्याला वस्तीपर्यंत घेऊन येतं. चिकनच्या दुकानाची घाण ओढ्यात, सोलापूर रस्त्यावरच्या ढाब्यांचं खरकटं बांधावर, त्यावर कुत्री, कुत्र्यांवर बिबट्या, अशी ही साखळी आहे आणि तिचं पहिलं टोक माणसाच्या हातात आहे. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्यानं माणसं मारली, त्यांत लहान मुलं होती. लोकांचा संताप इतका की पुणे-नाशिक महामार्ग अडवला गेला. त्याच सुमारास तिथल्या शेतात काम करणाऱ्या माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याचे फोटो छापून आले. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा पिढ्यान्‌पिढ्या घालत आलेत, लांडग्याला नरडं धरता येऊ नये म्हणून. तो आता माणसाच्या गळ्यात आला. कुत्री आवरली असती तर हे सगळं टळलं असतं, असं मी म्हणणार नाही. उसाचं क्षेत्र, पाणी, तुटलेली जंगलं, कारणं बरीच आहेत. पण घराच्या मागं खरकट्याचा ढीग न साठवणं आणि रात्री कुत्रं आत घेणं, या दोन गोष्टी वनखात्याच्या पिंजऱ्याची वाट न बघता करता येतात.

माळरानावरही तेच. बारामती, इंदापूर, दौंडकडच्या माळांवर अजून लांडगा आहे, सुप्याजवळ चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वरचं छोटं अभयारण्य आहे. मोकाट कुत्र्यांची टोळी चिंकाऱ्याच्या पाडसाला सोडत नाही. पुण्याच्या आसपासच्या माळांवर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं तर जनुकांच्या तपासणीतून सिद्धच झालं. तिथलं कुत्रं कोणाचं, हे विचारायला माळावर कोणी नसतं.

चावल्यानंतरचं थोडं सांगायला हवं, कारण त्याबाबत गावात अजून भयंकर समजुती आहेत. मिरचीची पूड, चुना, हळद जखमेत भरणारी घरं मी पाहिली आहेत. करायचं असतं ते इतकंच: वाहत्या पाण्याखाली साबण लावून जखम पंधरा मिनिटं धुवायची, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा. पोटात चौदा इंजेक्शनांची भीती जुन्या माणसांच्या मनातून जात नाही. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली लस २००५च्या सुमारास आपल्याकडे बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत थोड्या सुया असतात, पहिल्या दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या अशा ठरलेल्या दिवसांना. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेतच आणखी एक औषध सोडावं लागतं. पोरं पिल्लाचा ओरखडा घरी सांगत नाहीत, रागवतील म्हणून. आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की डॉक्टरच्या हातात जवळपास काही उरत नाही. माणसाला होणारा रेबीज ९९ टक्क्यांपर्यंत कुत्र्यांकडूनच येतो आणि गावातल्या दहांतल्या सात कुत्र्यांना लस टोचलेली असेल तर ही साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दहांतली सात. गल्लीच्या हिशेबानं हा आकडा आवाक्यातला आहे.

कुत्र्यांवरून माणसं भांडायची ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईत १८३२मध्ये सरकारनं मोकाट कुत्री मारण्याची मुदत वाढवली, शिपायांना कुत्र्यामागं आठ आणे बक्षीस होतं. ६ जूनला पारशांनी कुत्री मारणाऱ्यांना चोपलं, दुसऱ्या दिवशी बाजार बंद, किल्ल्याकडचा दाणागोटा अडला, शेवटी लष्कर आणावं लागलं. तडजोड निघाली ती अशी की कुत्री मारायची नाहीत, शहराबाहेर न्यायची. १८३४मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीशा शेट यांनी पांजरपोळ काढली, ती मुंबईत अजून आहे. हे वाचताना मला माणसांच्या दयेचं कौतुक वाटतं आणि 'शहराबाहेर' या उत्तराची धास्तीही. शहराबाहेर म्हणजे कोणाच्या तरी गावात. तालुक्यातल्या गावांत आजही कुजबूज असते की रात्रीच्या टेम्पोतून कोणीतरी कुत्री आणून सोडली. खरं-खोटं देव जाणे; पण एखाद्या सकाळी फाट्यावर नवी, बावरलेली चार-पाच कुत्री दिसतात तेव्हा लोक शहराकडेच बघतात.

पार्सलवाल्या पोराच्या प्रकरणानंतर आमच्या गल्लीत एक बैठक झाली. ठरलं असं, की गल्लीतल्या प्रत्येक कुत्र्यापुढं एका घराचं नाव लिहायचं. त्या घरानं दरवर्षी लस टोचून आणायची, गळ्यात पट्टा बांधायचा, आणि कोणाला चावलं तर दवाखान्यात सोबत जायचं. काळ्याला लगेच घर मिळालं. मोटारीखाली जागा देणाऱ्यांनीच हात वर केला. मोत्यालाही मिळालं. म्हाताऱ्या लाल्याला तर दोन घरं पुढं आली. राहिली ती पांढरी कुत्री. वर्षातून दोनदा विते, गल्लीतल्या निम्म्या कुत्र्यांची आई तीच. तिला डॉक्टरकडे नेऊन ऑपरेशन करून आणायचं तर गाडीभाडं आणि खर्च. मी वर्गणीचा विषय काढला. गणपतीला मागायच्या आधी पैसे काढणारे आमचे शेजारी एकमेकांकडे बघू लागले. मग कोपऱ्यावरचे काका शांतपणे म्हणाले, "पण ती आपल्या बाजूला कुठं बसते? ती पलीकडच्या गल्लीची आहे."